घरची भाषा आणि शाळेची भाषा

गणिताच्या तासाला आम्हीं "पंचवीस" म्हटलें आणि पांचवींतील एका विद्यार्थ्यानें वहींत ५२ लिहिले. "त्रेचाळीस" म्हटलें तर ३४. मुलगा शिरोळ तालुक्यांतील, घरीं कानडी बोलणारा. त्याचें गणित कच्चें आहे असा शेरा आम्हीं त्याच्या प्रगतिपुस्तकांत लिहूनही टाकला होता. पुढें एके दिवशीं मधल्या सुटींत तो आपल्या धाकट्या बहिणीबरोबर चिंचोके मोजीत बसलेला दिसला, आणि आमची चूक आमच्या ध्यानांत आली.

कानडींत पंचवीस म्हणजे "इप्पत्तैदु". इप्पत्तु म्हणजे वीस, ऐदु म्हणजे पांच. आधीं दशक, मग एकक. जसें लिहावयाचें तसेंच बोलावयाचें. मराठींत नेमकें उलट आहे. आपण पांच आधीं म्हणतों, वीस मागून म्हणतों, आणि लिहितांना मात्र वीसाचा अंक आधीं मांडतों. त्या मुलाच्या कानावर पांच आधीं पडे, म्हणून तो पांच आधीं लिही. त्याची बेरीज-वजाबाकी बिनचूक होती. एकोणतीसाची गोष्ट तर याहून बिकट. तेथें लिहावयाचा वीसाचा अंक ऐकूंच येत नाहीं, ऐकूं येतो तीस. २०१९ सालीं बालभारतीनें दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत नेहमीच्या नांवांच्या जोडीस "वीस पांच" अशी वाचनपद्धति दिली, तेव्हां पुष्कळांनीं तिची थट्टा केली. त्यांत आम्हीही होतों, हें येथें कबूल केलें पाहिजे.

मुलगा मंद आहे, लक्ष देत नाहीं, तोंड उघडत नाहीं, असें आपण म्हणतों तेव्हां पुष्कळदां अडचण त्याच्या बुद्धींत नसून दोन भाषांमधील उंबरठ्यावर असते. कानडींत पुरुष तो पुल्लिंगी, स्त्री ती स्त्रीलिंगी, आणि दगड, भिंत, दार हीं सारीं नपुंसकलिंगी. मराठींत दगड तो, भिंत ती, दार तें. कां, हें आमच्या वैयाकरणांसही धड सांगतां येत नाहीं. तसेंच आपल्याकडे "आम्ही" आणि "आपण" यांत भेद आहे. बोलचालीच्या कानडींत दोहोंस एकच "नावु". तेव्हां "सर, आम्ही मैदानावर जाऊं या" असें म्हणणारा मुलगा सरांस वगळूं पाहत नसतो.

शेजार मात्र एकतर्फी नसतो. अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता हे शब्द आपल्याकडे कानडींतून आलेले मानतात. कोल्हापुरांतील पुष्कळ स्त्रिया "मी आलें" न म्हणतां "मी आलो" म्हणतात, आणि पुण्याकडचे पाहुणे हंसतात. कानडींत "नानु बंदे" हें पुरुष व स्त्री दोघांच्याही तोंडीं सारखेंच असतें. त्याचाच हा संस्कार असावा असें आम्हांस वाटतें. याच शिरोळ तालुक्यांत कृष्णेच्या कांठीं खिद्रापूरचें कोपेश्वर मंदिर आहे. तेथील शिलालेखांत बहुतेक कानडी आहेत. रायबाग, जें आज कर्नाटकांत आहे, तें पूर्वीं कोल्हापूर संस्थानांतच होतें. येथें कानडी ही परकी पाहुणी नव्हे.

बेळगांव-निपाणीकडील मराठी मुलांस मराठींत शिक्षण मिळावें म्हणून आपण हिरिरीनें बोलतों, आणि तें योग्यच आहे. परंतु इतिहासाचें एक पान आपण सहसा उलटीत नाहीं. एकोणिसाव्या शतकांत धारवाडच्या बाजूस इंग्रज सरकारनें शाळा उघडल्या, त्या मराठी होत्या. कारण त्या मुलुखावर मराठ्यांचा अंमल होऊन गेला होता. मुलांची भाषा कानडी, पुस्तक मराठी. शिक्षणखात्यांतील डेप्युटी चन्नबसप्पा यांनीं कानडी शाळांसाठीं अपार खटपट केली, तेव्हां तेथील मुलांस आपल्या आईच्या भाषेंत अक्षरें गिरवावयास मिळालीं. जें दुःख आज आपण सांगतों तें एके काळीं आपल्या भाषेमुळें दुसऱ्यांस भोगावें लागलें होतें.

उपाय फार गहन नाहीं. वाचावयास मनुष्य एकदांच शिकतो. खूण आणि ध्वनि यांचा संबंध एका भाषेंत उमगला कीं दुसऱ्या भाषेंत केवळ नव्या खुणा शिकाव्या लागतात. कानडी आणि देवनागरी या दोन्ही लिप्या ब्राह्मीच्या वंशांतील. वर्णमालेचा क्रम बहुतांशीं तोच. आपली बाराखडी तीच त्यांची "कागुणित". म्हणून आरंभीं वाचन-लेखन घरच्या भाषेंत, आणि मराठी तोंडी, म्हणजे गोष्टी, गाणीं, खेळ यांतून, मग देवनागरी, मग हळूहळू एकेक विषय मराठींत, घरची भाषा न सोडतां. कानडीच्या बाबतींत पुस्तकांचीही अडचण नाहीं. बालभारती आठ माध्यमांतून पाठ्यपुस्तकें काढते, त्यांत कानडी आहे. मेळघाटांतील कोरकू मुलाचें काय, हा प्रश्न अधिक कठीण. त्याची भाषा त्या आठांत नाहीं.

कायदाही या विचाराच्या आड येत नाहीं. ऑगस्ट १९४९ मध्यें प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेनें ठरविलें होतें कीं, वेगळ्या मातृभाषेचीं ४० मुलें शाळेंत किंवा १० मुलें एका वर्गांत असल्यास त्यांच्यासाठीं निदान एक शिक्षक नेमावा. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनें ३५०-अ हा अनुच्छेद आला. प्राथमिक शिक्षण मातृभाषेंत मिळण्याची सोय करावी असें तो राज्यांस सांगतो. परंतु जेथें वर्गांत असा एकच मुलगा असतो तेथें ४० आणि १० हे आंकडे काय कामाचे? तेथें वर्गशिक्षकासच दहा-वीस कानडी शब्द शिकावे लागतात. पेंटेकॉस्टच्या दिवशीं यरुशलेमेंत जमलेल्या प्रत्येकास आपापल्या भाषेंत संदेश ऐकूं आला, हें आम्ही प्रार्थनेच्या वेळीं दरवर्षीं सांगतों. गणिताच्या तासाला मात्र विसरतों.

त्या मुलाचे वडील निकालाच्या दिवशीं आले होते. शेरा वाचून त्यांनीं विचारलें, "सर, आजपासून घरांत कानडी बंद करूं का? नाहीं तर सरळ इंग्रजी शाळेंत घालतों." माध्यम निवडण्याचा अधिकार पालकांचा, हें सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं सांगितलेंच आहे, त्याविषयीं आम्ही कांहीं बोललों नाहीं. पण कानडी बंद करूं नका, असें आम्हीं त्यांस निक्षून सांगितलें. आजी जी गोष्ट सांगते ती कानडींतच सांगूं द्या. शेताचा हिशेब त्याच्याकडून कानडींत करवून घ्या, आणि तोच त्याच्याकडून मराठींत लिहवून घ्या. मग त्यांच्या समोरच आम्हीं तो शेरा खोडला व खालीं सही केली.

हल्लीं फळ्यावर आम्ही संख्या तीन प्रकारें लिहितों: अंकांत, मराठी अक्षरांत, आणि तिसऱ्या रकान्यांत तो मुलगा सांगेल तशी कानडींत. वर्गांतील इतर मुलें अद्याप "हत्तु" म्हणजे दहापर्यंतच पोंचलीं आहेत. आमची गाडी "इप्पत्तु"च्या पुढें अडखळते, आणि तो आम्हांस सुधारतो.