मातीविना भाजी, पण आधी पाणी बघ

अगं, किट मागवायची घाई करू नकोस. बोईसरला तुझ्या फ्लॅटला अंगण नाही, वर माती चढवायला घरमालक नाही म्हणतो, हे मला ठाऊक आहे. मातीशिवाय नुसत्या पाण्यावर पालेभाजी होते, आणि छान होते. पण जाहिरातीतला पांढऱ्या पाइपांचा मनोरा तुला इतक्यात लागणार नाही. आधी घरात येणाऱ्या पाण्याची ओळख करून घे.

माती पुष्कळ काही पोटात घालते. खत जरा जास्त पडलं, पाणी खारट आलं, तरी ती थोडं धरून ठेवते. पाण्यात मुळं उघडी असतात, जे पाण्यात असेल ते थेट त्यांना लागतं. तारापूर एमआयडीसीच्या शेजारी राहून तर हे विसरून चालणार नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात देशातल्या औद्योगिक पट्ट्यांत तारापूरची स्थिती सगळ्यांत वाईट ठरली होती. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरची मच्छीमार मंडळी, सांडपाण्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली. हे तुला घाबरवायला सांगत नाही. बोअरचं पाणी भाजीला घालू नकोस, एवढ्यासाठी सांगते. टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो, तो जरूर घे. पण तो पाण्यात एकूण किती विरघळलंय तेवढंच सांगतो, काय विरघळलंय ते सांगत नाही. आकडा कमी आला म्हणजे पाणी निर्धोक झालं असं नाही. पालेभाज्या जड धातू पानात साठवतात आणि ती पानं आपण मुलांच्या ताटात वाढतो.

सूर्या नदीचं नळाचं पाणी येत असेल तर ते घे. मीटरवर अडीचशेच्या आत असलं तर उत्तम, पाचशेच्या वर गेलं तर नको. चिंचणी-तारापूरकडच्या कितीतरी विहिरी समुद्रामुळे मचूळ असतात, तिकडच्या मैत्रिणींना विहिरीचं पाणी चालायचं नाही. आरओ फिल्टरच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणी तर मुळीच वापरू नकोस, सगळे क्षार त्यातच उतरलेले असतात.

आणखी एक, हे नीट ऐक. भंगारवाल्याकडे निळे ड्रम, पांढरे कॅन स्वस्त मिळतात. ते कंपन्यांतून आलेले असतात, आत आधी काय होतं ते कोणालाच माहीत नसतं. धुऊन ते जात नाही. खाऊचा, धान्याचा, स्वयंपाकघरातला प्लास्टिकचा डबा घे. भाऊजींनी कंपनीतून एखादी पावडर आणून दिली, तरी ती खत म्हणून घालायची नाही. कारखान्याच्या कामाचा माल आणि पिकाला द्यायचा माल वेगळा.

सुरुवात मेथीपासून कर. किनाऱ्यालगतच्या वाळूत घेतात ती समुद्रमेथी तू खाल्ली आहेस ना? कोवळी, वितीहूनही लहान, दहा-बारा दिवसांत उपटतात. तीच घरात कर. कोकोपीट दोन-तीनदा धुऊन घे, कारण त्यातही मीठ असतं. ताटलीत बोटभर पसर, रात्रभर भिजवलेले दाणे दाट पेर आणि ओलावा ठेव. एवढ्या दिवसांचं खाणं दाण्यातच असतं, खताचा थेंब लागत नाही. दाणे किराणा दुकानातून घे. बियाण्याच्या दुकानातल्या रंगीत दाण्यांना बुरशीनाशक चोळलेलं असतं, ते अशा कोवळ्या भाजीला चालत नाहीत.

मेथी जमली की पुदिना. बाजारातल्या जुडीतल्या टणक काड्या साध्या पाण्यात ठेव, मुळं फुटली की डब्यात लाव. डब्याच्या झाकणाला भोक पाड, त्यात जाळीचा छोटा कप बसव, मुळं पाण्यात जाऊ दे. ही बिनपंपाची रीत हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅट्की यांनी रूढ केली, आणि आपल्याकडे वादळवाऱ्यात वीज जाते तिथे मला तीच सर्वांत पटते. पाइपांच्या मनोऱ्यात पंप थांबला की मुळं काही तासांत सुकायला लागतात. या डब्यात पाणी खाली उतरत जातं तसा वर मोकळा भाग तयार होतो आणि तिथली मुळं हवा घेतात. म्हणून डबा पुन्हा काठोकाठ भरायचा नाही, मोकळा भाग तसाच ठेवायचा. माया म्हणून पाणी ओतशील तर मुळं गुदमरतील.

डब्यावर काळा कागद गुंडाळ. उजेड आत गेला की शेवाळ होतं. कपाभोवतीच्या फटी स्पंजने बुजव. साचलेलं पाणी आहे गं, डास अंडी घालतात, आणि पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियाचं काय होतं ते तुला मी सांगायला नको.

पुदिन्याच्या डब्यातल्या पाण्याला मात्र खत लागतं. त्याच्या ए आणि बी अशा दोन बाटल्या मिळतात. आधी ए पाण्यात ढवळ, मग बी. दोन्ही घट्ट द्रावणं एकमेकांत ओतलीस तर कॅल्शियम आणि सल्फेट मिळून पांढरा गाळ बसतो, तो रोपाच्या काही कामाचा नाही. लेबलवरच्या मापाच्या निम्म्याने सुरू कर. पीएच साडेपाच ते साडेसहा ठेव. तो चढला की लोह मुळांना मिळत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पानं अशी दिसली तर आणखी खत घालू नकोस, पीएच बघ.

खिडकीत चार-पाच तास ऊन येत नसेल तर दिवा लागेल. वीस वॅटचा एलईडी रोज चौदा तास चालवलास तर महिन्याला साडेआठ युनिटच्या आतबाहेर वीज जाते. हा खर्च भाजीच्या हिशेबात धर.

धंद्याचं म्हणशील तर आत्ता नाही. कोणी प्रशिक्षण देतो, माल विकत घेतो असं सांगून पैसे भरायला लावत असेल तर एक रुपया देऊ नकोस. वाढवायचंच असेल तर डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचार. आणि पावसाळ्यात पालघरच्या बाजारात आदिवासी बाया शेवळं, टाकळा घेऊन बसतात, ते घेणं सोडू नकोस. ती चव डब्यात होत नाही.

एप्रिल-मेच्या उकाड्यात पालक लावू नकोस. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, मुळं तपकिरी होऊन सडतात. आत्ता मेथी कर, पुदिना कर, आणि पालक नोव्हेंबरात लाव.