दवाखाना माणसांनी चालतो

मुंबईत करी रोड नावाचं स्टेशन आहे. तिथं उतरून परळकडे चालत गेलं, की के. ई. एम. हे मोठं रुग्णालय लागतं. कोणी कोकणातून तिथं येतो, कोणी घाटावरून. सकाळपासून रांग लागते.

हे रुग्णालय १९२६ साली सुरू झालं. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. सरकारी वैद्यकीय कॉलेजांत वरच्या जागा बहुतेक इंग्रजांकडे असत. शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या ठेव्यातून परळला नवं कॉलेज निघालं. पैसा देणाऱ्यांनी अट घातली, की इथं शिकवणारे भारतीयच हवेत. रुग्णालय आणि कॉलेज शेजारी शेजारी उभं राहिलं. एकीकडे रोगी बरे होऊ लागले, दुसरीकडे नवे डॉक्टर तयार होऊ लागले.

यात शहाणपण होतं. भिंती वर्षात उभ्या राहतात. माणूस तयार व्हायला वेळ लागतो. बारावीनंतर डॉक्टर व्हायला साडेपाच वर्षं लागतात. नर्स व्हायला तीन वर्षं लागतात. आंबा आज लावला, तर फळ काही वर्षांनी मिळतं. तसंच हे आहे. पुढं किती माणसं लागतील, याचा हिशेब देशानं आजच करायला हवा.

पण सगळे डॉक्टर शहरातच राहिले तर? रात्री बाळंतीण अडली, तर मुंबई किती लांब! म्हणून सरकारनं माप ठरवलं आहे. सपाटीवर ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. ५ हजारांमागे एक उपकेंद्र. डोंगरी आणि आदिवासी भागात याहून कमी लोकांमागे. केंद्र आहे, पण नर्सची जागा रिकामी आहे, तर त्याचा काय उपयोग? विहीर आहे आणि पाणी नाही, अशातली गत.

अहिल्यानगर जिल्ह्यात जामखेड आहे. तिथं १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं. गावांनी आपल्यातल्याच बाया निवडल्या. कितीतरी जणींना अक्षरओळखही नव्हती. तरी त्या शिकल्या. बाळंतपण, जुलाब, बाळाचं वजन, स्वच्छ पाणी, सगळं त्या पाहू लागल्या. त्या गावातच राहत, म्हणून हाकेला धावत. देशात २००५ साली आशा योजना आली. साधारण १ हजार लोकांमागे एक आशाताई असते. तीही गावातलीच असते.

बाबांनो, बायांनो, आशाताई आपली आहे. तिचं ऐका. तिला मान द्या. उपकेंद्रात जागा रिकामी असेल, तर ग्रामसभेत विचारा. अर्ज लिहून द्या. आता तुम्हाला लिहिता येतं!

विचार करा आणि सांगा:
१. तुमच्या गावाची आशाताई कोण?
२. उपकेंद्र किती लांब आहे? तिथं नर्स रोज असते का?
३. तुमच्या गावातली कोणती मुलगी नर्स होऊ शकेल?