शुगर असलेल्या घरातलं दही

आमचं जेऊर करमाळा तालुक्यात, पुणे–सोलापूर लोहमार्गावर. उजनीचं पाणी फिरल्यावर या भागात ऊस आला, केळी आली आणि दारोदार संकरित गाई उभ्या राहिल्या. डेअरीला दोन वेळा दूध घालणाऱ्या घरात दह्याला तोटा नसतो. ह्यांना मधुमेह निघाला आणि डॉक्टरांनी भाकरी-भात निम्म्यावर आणायला सांगितलं, तेव्हा घरातल्या प्रत्येकाने विचारलं, मग दही चालेल का? चालतं. पण कोणतं, किती आणि कशाबरोबर, हे नीट समजून घ्यावं लागतं. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातल्या मधुमेहींचा आकडा १० कोटींच्या पुढे गेलेला आहे. म्हणजे हा प्रश्न आता गल्लीगल्लीतल्या स्वयंपाकघराचा आहे. म्हणून मला जे उमगलं ते लिहिते.

१. फॅटच्या शेजारचा आकडा बघा

डेअरीच्या मशीनवर फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग, असे दोन आकडे उमटतात. गाईच्या दुधाचा भाव ३.५ आणि ८.५ वर धरला जातो, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतं. शुगर निघाली की घरचे आधी फॅटला घाबरतात. दुधातली साखर मात्र दुसऱ्या आकड्यात असते. त्या साडेआठमधला निम्म्याहून जास्त वाटा लॅक्टोजचा, उरलेला प्रथिनांचा आणि क्षारांचा. १०० ग्रॅम दुधात साडेचार ते पाच ग्रॅम लॅक्टोज धरायचं. साय काढून टाकली तरी ते तसंच राहतं.

म्हणून कर्बोदकं कमी करणाऱ्याने सायीसकट लावलेलं दही खायला हरकत नाही. त्याने पोट भरतं आणि तासाभराने डब्यांकडे हात जात नाही. स्निग्धांशाने उष्मांक वाढतात, हे खरं. ज्यांना हृदयाचा त्रास आहे किंवा कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे, त्यांनी साय किती घ्यायची ते डॉक्टरांना विचारावं. पण ‘लो फॅट’ लिहिलंय म्हणून ते दही शुगरला चांगलं, हा समज मनातून काढावा. फॅट काढल्यावर दही पातळ होतं, आणि ते घट्ट करायला बरेचदा दुधाची भुकटी घालतात. साय काढलेल्या दुधाच्या भुकटीत निम्मं लॅक्टोजच असतं.

२. आंबट दह्यातही साखर असते

आमच्या आत्या म्हणायच्या, “दही आंबलं की त्यातली साखर मेली.” थोडी मरते, सगळी नाही. विरजणातले जंतू लॅक्टोज खातात आणि त्याचं आम्ल करतात. त्यातला एक मुख्य जंतू १९०५ साली स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन तरुणाने जिनिव्हात शिकत असताना ओळखला, म्हणून त्याच्या नावात आजही बल्गेरिया आहे. आम्ल वाढत गेलं की त्या जंतूंचाच वेग मंदावतो. त्यामुळे नेहमीच्या दह्यात दुधातलं लॅक्टोज साधारण पाव ते तिसरा हिस्सा कमी झालेलं असतं, बाकीचं तसंच. घरच्या १०० ग्रॅम दह्यात तीन ते साडेचार ग्रॅम धरून चाला. वाटीभर दह्याला सहा ग्रॅम. हा आकडा भिण्यासारखा नाही, पण शून्यही नाही. आंबट आहे म्हणून दिवसभर वाट्यामागून वाट्या खाणाऱ्याचा हिशेब त्यानेच चुकतो.

३. चक्का बांधा

मला विचाराल तर कमी कर्बोदकांच्या जेवणातली सगळ्यात कामाची वस्तू चक्का आहे. शहरात ग्रीक योगर्ट नावाने इवल्याशा डब्या मिळतात. त्या घट्टपणासाठी आपल्याला दुकानात जायची गरज नाही, स्वच्छ पंचा आणि खुंटी पुरते.

चक्क्यात साखर नसते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. लॅक्टोज पाण्यात विरघळलेलं असतं, त्यामुळे जेवढं पाणी गळतं तेवढं लॅक्टोज त्याच्याबरोबर जातं. किलोभर दह्याचा चारशे ग्रॅमच्या आसपास चक्का उतरतो, आणि किलोतल्या लॅक्टोजचा निम्म्याहून जास्त भाग पाण्यातून निघून जातो. तरी १०० ग्रॅम चक्का आणि १०० ग्रॅम दही समोरासमोर ठेवलं तर साखरेत फार फरक दिसत नाही. फरक प्रथिनांत दिसतो. गाईच्या दह्यात ती १०० ग्रॅमला तीन-साडेतीन ग्रॅम, चक्क्यात सात ग्रॅमच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच साखरेत दुप्पट प्रथिनं. अर्धी भाकरी कमी केल्यावर ताटात जी जागा रिकामी होते, ती याने भरते. शाकाहारी घरात तर याला तोड नाही.

एक काळजी घ्यावी. गळलेलं पाणी फेकवत नाही म्हणून त्यात कणीक मळतात किंवा ते आमटीत ओततात. घरच्या इतरांसाठी ते चांगलंच आहे. पण शुगरवाल्याच्या ताटात ते आलं, की गाळून बाहेर काढलेली साखर फिरून आत आली. आमच्याकडे ते पाणी गोठ्यात जातं.

चक्क्यात मीठ, जिरेपूड, किसलेली काकडी आणि वरून लसणाची फोडणी घालून ठेवते. भाकरीच्या चतकोराला तेवढं पुरतं.

४. डब्याची मागची बाजू वाचा

प्रवासात किंवा पाहुण्यांकडे विकतचं घ्यावंच लागतं. त्याचं काही वाईट नाही, फक्त डबा उलटा करून वाचायचा. साध्या दह्यावर १०० ग्रॅममागे एकूण शर्करा चार-पाच ग्रॅम आणि वरून घातलेली शर्करा शून्य असायला हवी. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. त्यात दूध आणि विरजण एवढंच असेल तर डबा घ्या. साखर, फळाचा गर, ग्लुकोज, माल्टोडेक्स्ट्रिन किंवा स्टार्च दिसला तर खाली ठेवा. आंब्याच्या, स्ट्रॉबेरीच्या चवीचं दही हे गोड पदार्थातच मोजायचं. श्रीखंडाचा तर प्रश्नच नाही. चक्का कितीही चांगला असो, १०० ग्रॅम श्रीखंडात साखर चाळीस ग्रॅमच्या आसपास असते. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘प्रोबायोटिक’ लिहिलेलं असलं, तरी त्याने मागचा साखरेचा आकडा बदलत नाही.

५. दह्यात काय कालवता, ते मोजा

सगळ्यात जास्त फरक मला इथेच दिसला. वाटीभर दह्यात सहा ग्रॅम कर्बोदकं, आणि ज्वारीच्या एका मध्यम भाकरीत पन्नास ग्रॅमच्या आसपास. ताटभर दहीभातात त्याहून जास्त. म्हणजे दही कोणतं आणावं यावर वाद घालत बसायचं आणि त्याच दह्यात मूद बुडवायची, तर त्या वादातून काही हाती येत नाही. वर चमचाभर साखर पेरली की दह्यातली साखर जवळपास दुप्पट झाली. दही-साखर हातावर ठेवून परीक्षेला पाठवणं ही माया आहे, ती मुलांसाठी ठेवावी.

सोलापूरकडच्या माणसाला यावर उपाय शोधत फिरावं लागत नाही. आपल्या घरात शेंगाचटणी असते. घट्ट दह्यात दोन चमचे चटणी आणि वर कच्चं तेल, याने कर्बोदकं तीन-चार ग्रॅमनेच वाढतात, आणि शेंगदाण्याची प्रथिनं मिळतात ती वेगळी. चटणी विकतची असेल तर तिच्यात साखर आहे का, ते विचारून घ्या. काकडी, मुळा, कांदा, टोमॅटो, मेथीची कोवळी पानं, कशाचीही कोशिंबीर करा. बीट आणि गाजर जरा हात राखून घाला. भरताच्या वांग्यात दही अप्रतिम लागतं.

दही-धपाटे हा अवघड विषय आहे, कारण ते एकावर थांबता येत नाहीत. आमच्याकडे धपाट्यात बेसन वाढवलं, ज्वारीचं पीठ कमी केलं आणि मेथी भरपूर घातली. ह्यांच्या ताटात एकच वाढते, दही मात्र मोठी वाटी. हुरड्याच्या दिवसांत शेतावर बसल्यावर तोच नियम ठेवते. हुरडा मूठभर, दही आणि चटणी मनसोक्त, गूळ नाही. ज्वारीवर माझा राग नाही. या मातीची ती भाकर आहे आणि निम्म्या भाकरीनेही जेवण होतं.

६. ताक पातळ, आणि साखरेशिवाय

दोन जेवणांच्या मध्ये भूक लागली तर पातळ ताक. डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीने दोन वेळा जेवणारी माणसं आता आमच्याकडेही भेटतात, त्यांनाही मधल्या वेळात पातळ ताक चालतं. लग्नातल्या मठ्ठ्यात साखर असते, आणि लस्सीत तर असतेच.

७. विरजण ऋतू बघून लावा

एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो. तेव्हा चार-पाच तासांत दही लागतं, रात्रभर ठेवलं तर तोंड आंबतं. आणि दही आंबट झालं की माणूस साखर मागतो, हे मी घरात कायम बघते. म्हणून उन्हाळ्यात विरजण थोडं घालायचं आणि दही लागलं की लगेच फ्रीजमध्ये ठेवायचं. थंडीत दूध बोटाला सोसेल इतकं कोमट घ्यायचं, विरजण जरा सढळ घालायचं आणि भांडं गुंडाळून पिठाच्या डब्याशेजारी ठेवायचं. गाईचं दही म्हशीच्या दह्यासारखं वडीदार लागत नाही. गाडग्यात लावलं तर माती पाणी शोषून घेते आणि तेही बऱ्यापैकी घट्ट होतं. चांगलं लागलेलं दही साखरेशिवाय गोडच लागतं.

८. दही औषध नाही

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२४ मध्ये दही उत्पादकांना एक मुभा दिली. आठवड्यात किमान दोन कप दही खाल्ल्याने टाइप २ मधुमेहाचा धोका कमी होऊ शकतो, असं ते डब्यावर लिहू शकतात, पण याला मर्यादित पुरावा आहे हेही त्यांना सोबत सांगावं लागतं. यावरून दह्याने शुगर उतरते असे निरोप फिरतात, त्यावर जाऊ नये. तो दावा मधुमेह होण्याच्या धोक्याबद्दल आहे, झालेला मधुमेह बरा करण्याबद्दल नाही.

शेवटचं सांगणं सगळ्यात महत्त्वाचं. घरात कुणी इन्सुलिन घेत असेल किंवा शुगर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर भाकरी-भात एकदम कमी करू नका. अन्न कमी झालं आणि औषध तेवढंच राहिलं की शुगर धोकादायकपणे खाली जाते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, माणूस बेशुद्धही पडू शकतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर चक्क्यातली जास्तीची प्रथिनंही त्रासाची ठरू शकतात. तेव्हा ताट बदलायच्या आधी डॉक्टरांकडे जाऊन औषधाचं प्रमाण ठरवून घ्या, आणि मगच दही विरजायला घ्या.