घटक ४ : संज्ञा आणि सत्ता – ‘मक्तेदारी’ व ‘झोनबंदी’

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास –
• ‘मक्तेदारी’ व ‘झोनबंदी’ या शब्दांची घडण सांगता येईल.
• एकाच व्यवहाराच्या निरनिराळ्या नावांमागील दृष्टिकोन ओळखता येईल.

४.१ विषयप्रवेश

‘मक्ता’ हा शब्द मूळचा अरबी. ठरावीक रक्कम भरून वसुलीचा किंवा व्यवसायाचा हक्क घेणे, हा त्याचा मराठीतील जुना अर्थ. असा हक्क एकाच्याच हाती जात असल्याने ‘मक्तेदारी’ला पुढे ‘एकाधिकार’ हा अर्थ प्राप्त झाला. मक्तेदारी मोडावी, यावर सहसा सर्वांचे एकमत असते. वाद सुरू होतो तो मक्तेदारी कशाला म्हणावे, यावर.

४.२ ‘अवाजवी’ म्हणजे किती?

दुसऱ्या महायुद्धानंतर, ऑगस्ट १९४५ मध्ये, जर्मनीतील आर्थिक सत्तेचे अवाजवी केंद्रीकरण नष्ट करावे, असे पॉट्सडॅम येथे ठरले. परंतु ‘अवाजवी’ची सीमा कोणती? अमेरिकेला कायद्यात निश्चित आकडा हवा होता. ब्रिटनला प्रत्येक उद्योगाची स्वतंत्र छाननी हवी होती. अखेर फेब्रुवारी १९४७ मध्ये अमेरिकी व ब्रिटिश विभागांत कायदे झाले. अमेरिकी कायद्यात दहा हजारांहून अधिक कामगार असलेले उद्योग प्रथम तपासावेत, अशी तरतूद आली. आकडा राहिला, पण तो निर्णयाऐवजी चौकशीचा आरंभ ठरला. एका विशेषणाच्या अर्थावर कारखान्यांचे भवितव्य अवलंबून होते.

४.३ कृष्णाकाठची झोनबंदी

आता आपल्या परिसराकडे वळू. सातारा जिल्ह्यातील कराडपासून सांगली जिल्ह्यातील वाळव्यापर्यंतचा कृष्णाकाठ उसाचा पट्टा आहे. तोडलेला ऊस लवकर गाळला नाही, तर त्यातील साखरेचा उतारा घटतो. त्यामुळे शेतकऱ्याला जवळचा कारखाना लागतो आणि कारखान्याला जवळचा ऊस. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने कारखान्यासाठी क्षेत्र राखून ठेवण्याची तरतूद केली; महाराष्ट्रात १९८४ च्या आदेशाने तिला तपशीलवार रूप दिले.

या व्यवस्थेची नावे पाहा. कायद्याने तिला ‘क्षेत्र-आरक्षण’ म्हटले. या शब्दात रक्षणाचा भाव आहे : कारखान्याला उसाची आणि शेतकऱ्याला गिऱ्हाइकाची हमी. शेतकऱ्याने मात्र तिला ‘झोनबंदी’ म्हटले. ‘तटबंदी’त ‘बंदी’ म्हणजे सीमा बांधणे. ‘दारूबंदी’त ‘बंदी’ म्हणजे मनाई. ‘झोनबंदी’त हे दोन्ही अर्थ एकत्र आले : सीमा आखली गेली आणि तिच्याबाहेर ऊस विकण्यास मनाई झाली. शेजारचा कारखाना अधिक दर देत असला, तरी त्याच्याकडे जाता येत नव्हते. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने झोनबंदी उठवण्याची मागणी लावून धरली आणि नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ती उठली.

४.४ हवाई अंतर

२००६ मध्ये दोन कारखान्यांत किमान १५ किलोमीटर अंतराची अट केंद्राने घातली. महाराष्ट्राने पुढे ते २५ किलोमीटर केले. हे ‘हवाई अंतर’, म्हणजे सरळ रेषेत मोजलेले. उसाची गाडी मात्र रस्त्याने आणि पुलावरून जाते. ही अट शेतकऱ्याच्या विक्रीवर नाही, नव्या कारखान्याच्या उभारणीवर आहे; तरीही ऊस कोणाला द्यावा, यासाठी शेतकऱ्यापुढे किती पर्याय असतील, हे तीच ठरवते. कारखान्याच्या बाजूने पाहता पुरेशा उसाअभावी यंत्रसामग्री व कर्ज दोन्ही अडचणीत येतात, हेही खरे.

४.५ समारोप

‘अवाजवी’, ‘आरक्षण’, ‘हवाई अंतर’ हे शब्द वरवर तटस्थ वाटतात. प्रत्यक्षात ते कोणाला किती वाव मिळेल, हे ठरवतात. म्हणून कोणतीही संज्ञा वाचताना तीन प्रश्न विचारावेत : तिची सीमा कोणी आखली? कोणत्या मापाने? त्या सीमेत राहणारा माणूस तिला काय म्हणतो?

स्वाध्याय

१. ‘नाकेबंदी’, ‘नसबंदी’, ‘चकबंदी’ यांतील ‘बंदी’चा अर्थ स्पष्ट करा.
२. आपल्या व्यवसायातील एका नियमाचे कागदावरचे नाव व बोलीतील नाव लिहून त्यांतील फरक सांगा.