सोपारा : आपल्या लोकलवरची धम्मयात्रा

सहल म्हटली की आपल्या बांधवांच्या डोळ्यांसमोर अजिंठा, वेरूळ नाहीतर नागपूरची दीक्षाभूमी उभी राहते. त्यात वावगे काही नाही. परंतु माहीमच्या माणसाला लोकलच्या तिकिटात पाहून येता येईल असे एक प्राचीन बौद्ध नगर पश्चिम रेल्वेवरच आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितले जाते. ते नगर म्हणजे सोपारा. नालासोपारा स्थानकाच्या नावात ते अजून टिकून आहे.

पाली वाङ्मयात त्याला सुप्पारक म्हणतात, संस्कृतात शूर्पारक. इ. स. च्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवृत्तात कल्याणच्या जोडीने या बंदराचे नाव येते. मज्झिम निकायातील पुण्णोवाद सुत्ताचा नायक पुण्ण सुनापरांत देशाला निघतो. दिव्यावदानात हाच पूर्ण शूर्पारकचा व्यापारी आहे. तेथील लोक कठोर आहेत, त्यांनी शिव्या दिल्या तर, मारले तर, शस्त्र उगारले तर काय करशील, असे तथागत त्याला एकामागून एक विचारतात. याहून वाईट तर केले नाही, म्हणून त्यांना भलेच म्हणेन, असे तो उत्तरतो. त्याच वर्षावासात त्याने पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका घडविल्या, असे सुत्त सांगते. गावोगाव धम्मप्रचाराला जाणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांनी हे सुत्त अवश्य वाचावे.

येथल्या टेकाडाला लोक ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. शूर्प म्हणजे सूप आणि सूप विणणारा तो बुरूड. स्तूपाची आठवण गेली, पण नावाचा धागा लोकांनी असा जपला असावा, असे आम्हांस वाटते. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हे टेकाड खणले तेव्हा आत विटांचा स्तूप निघाला. मधल्या कोठडीत दगडी पेटी होती. तिच्यात तांब्याचा करंडक आणि त्याच्या आत एकात एक चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा व शेवटी सोन्याचा करंडक होता. सोन्याच्या करंडकात काय होते? मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे! ते भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे असावेत, असे पंडितजींचे मत होते. सोबत सोन्याची फुले, यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे आणि भोवती सात बुद्ध व मैत्रेय यांच्या आठ कांस्यमूर्ती होत्या. मूर्ती नाण्याहून कित्येक शतकांनी नंतरच्या आहेत. म्हणजे पुढच्या पिढ्यांनी हा ठेवा उघडून पुन्हा वंदनेने बंद केला असला पाहिजे. आज ह्या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत.

त्याच वर्षी येथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. हा लेख प्रवासाविषयीच आहे. पूर्वीचे राजे शिकारीच्या मौजेसाठी विहारयात्रा करीत. अशोक मात्र राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीस, म्हणजे बोधगयेस गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. वृद्धांची भेट, दान, जनपदातील लोकांशी धम्मचर्चा हे तिचे स्वरूप. आपल्या सहलीच्या बसमध्ये सिनेमाची गाणी लावणाऱ्यांनी याचा थोडा विचार करावा!

नवव्या लेखाचा तुकडा 1956 साली, म्हणजे धम्मदीक्षेच्याच वर्षी, जवळच्या भुईगावात मिळाला. आजारपण, लग्न, जन्म, प्रवास यांवेळी लोक करतात ते निरर्थक विधी नकोत, नोकरचाकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर आणि प्राणिमात्रांविषयी संयम हेच खरे मंगल, असे त्यात अशोक म्हणतो. आमच्या कित्येक घरांत बावीस प्रतिज्ञा भिंतीवर आणि नवसाचा नारळ फडताळात असतो. त्या घरांतील मुलांना हा लेख समजावून सांगायलाच हवा.

दोन्ही शिला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. आमची सूचना अशी की, एका रविवारी आधी त्या पाहाव्यात आणि पुढच्या रविवारी सोपारा गाठावे. नुसता स्तूप पाहिला तर मुलांना विटांचा ढीग दिसतो. दादर किंवा अंधेरीहून विरार गाडी घ्यावी, नालासोपाऱ्यास पश्चिमेला उतरून रिक्षा करावी. चक्रेश्वर तलावाकाठी जुनी शिल्पे आहेत. दुपारी भुईगावच्या किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत डबे सोडावेत. वेळ उरला तर वसईचा किल्ला आहेच. 1739 साली चिमाजी अप्पांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला, पण एका दिवसात दोन्ही उरकू नये. स्तूपावर मुलांना चढू देऊ नये, विटा आधीच झिजल्या आहेत. बुद्धवंदना खाली, झाडाच्या सावलीत घ्यावी.