उंच मोटार, ठेंगणी मोटार आणि पेट्रोलचा जमाखर्च

आपल्या समाजातील तरुण मंडळींस अलीकडे लहान बांध्याच्या, परंतु भारी किंमतीच्या उंच मोटारींची, म्हणजे क्रॉसओव्हरची, मोठी ओढ लागली आहे. वडील मंडळी सेडानला पेट्रोल कमी लागते म्हणून तिचा आग्रह धरतात. या वादाचा निवाडा व्यापाऱ्याने हिशोबाने करावा, म्हणून हा लेखप्रपंच.

तुलना एकाच प्रतीच्या मालाची करावी. मर्सिडीज-बेंझची ए-क्लास लिमोझिन ही सेडान मार्च 2021 मध्ये आणि जीएलए ही क्रॉसओव्हर मे 2021 मध्ये भारतात विक्रीस आली. दोहोंची जुळणी पुण्याजवळ चाकणची, आणि ‘200’ प्रकारात 1.3 लिटरचे पेट्रोल इंजिनही तेच. फरक बांध्याचा. जीएलए सुमारे 16 सें.मी. अधिक उंच व जवळजवळ एक क्विंटल अधिक जड आहे. वाऱ्याचा अडथळा दर्शविणारा गुणांक सेडानचा 0.22, तर जीएलएचा 0.28, शिवाय वाऱ्यास तोंड देणारी बाजूही तिची मोठी.

वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो. हट्ट्याहून बालाघाट किंवा गोंदियास जाताना धानाचे ट्रॅक्टर आणि गुरेढोरे यांतून वाट काढावी लागते. तेथे वाऱ्याचे फारसे चालत नाही. थांबून पुन्हा निघताना तो जादा क्विंटल तेवढा ओढावा लागतो. परंतु नागपूरहून समृद्धी महामार्गाने मुंबईच्या दिशेने निघावे, तो मामला निराळा. 701 कि.मी.चा हा रस्ता जून 2025 मध्ये संपूर्ण खुला झाला. तेथे मोटारीस ताशी 120 कि.मी.ची मुभा आहे, आणि तेथे सेडानचा लाभ खरा दिसतो.

विक्रेत्याच्या कागदावरील अ‍ॅव्हरेज या बाबतीत अपुरे. या मोटारी आल्या त्या वेळच्या भारतीय चाचणीत गाडी प्रयोगशाळेत रोलरवर चालवीत, आणि वेग ताशी 90 च्या वर जात नसे. एका पोत्यात परखी मारून सगळा ट्रक पास करण्यापैकीच हे!

आणखी एक. अ‍ॅव्हरेज 10 वरून 12 झाले तर दर 100 कि.मी.स 1.67 लिटर वाचते. 18 वरून 20 झाले तर केवळ 0.56 लिटर. म्हणून हिशोब ‘100 कि.मी.स किती लिटर’ असाच मांडावा.

समजा, सेडानने 16 व क्रॉसओव्हरने 14 दिले आणि वर्षाची धाव 12,000 कि.मी. झाली. फरक सुमारे 107 लिटरचा. लिटरला 100 रुपये धरल्यास 10,700 रुपये. परंतु आरंभीच्या शोरूम किंमती 39.90 व 42.10 लाख होत्या. वरच्या 2.20 लाखांवर शेकडा 9 प्रमाणे वर्षाचे व्याजच 19,800 रुपये होते! भर हंगामात खरेदीचे भांडवल अडकविणाऱ्याने पेट्रोलआधी हा आकडा पाहावा. मात्र घरात गुडघे धरलेली वडील माणसे असतील, तर उंच बैठकीसाठी हा खर्च आम्ही उधळपट्टीत धरणार नाही.

खरे अ‍ॅव्हरेज पाहण्यासाठी एकाच पंपावर नळी आपोआप बंद होईतो टाकी भरावी व मीटर लिहून ठेवावा. चारपाचशे कि.मी. झाल्यावर तेथेच तशीच पुन्हा भरावी आणि जितके लिटर मावले त्याने अंतरास भागावे. गावातील धाव व महामार्गाची धाव यांची खाती मात्र वेगळी ठेवावीत.