खळ्यावरची मजुरी

शास्त्रभाग : अनुवाद 24:14-15, यशया 28:23-29, मार्क 6:3

प्रभु येशूला त्याच्या गावचे लोक 'सुतार' म्हणून ओळखत. शेतकरी आणि कारागीर यांचा संबंध कसा असे, हे शिक्षकांनी मुलांना मराठवाड्यातील जुन्या गावगाड्यावरून समजावून द्यावे. हा मुलूख 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता व आपल्यापैकी पुष्कळांची मुळे तेथेच आहेत.

चैत्र-वैशाखात सुताराच्या दारी गर्दी होई. नांगर, वखर, तिफण दुरुस्त करायची असत. लोहार फाळ ठोकून देई, कुंभार पावसाआधी भट्टी लावी, मांग दोर वळी. जूनच्या सुरुवातीस मृग निघाला की खरिपाची पेरणी. पुढे काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी. ती काढल्यावर खळ्यात तिवड्याभोवती बैलांची पात फिरे. प्रत्येक कामाची वेळ व रीत वेगळी, आणि ती समज देवच देतो, असे यशया सांगतो.

आता मजुरीकडे पाहू. सुताराला वर्षभर रोख पैसा नसे. खळ्यावर धान्याचे बलुते मिळे. यात एक चांगले होते : काम नसलेल्या महिन्यांतही त्याचा हक्क बुडत नसे. पण खळ्यावर सर्वांचा मान सारखा नव्हता. महार-मांगांना काम नाकारण्याची सोय नव्हती, आणि हक्काचे धान्यही मागून घ्यावे लागे. अनुवादातील आज्ञा मात्र स्पष्ट आहे : गरिबाची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी. कामाला हंगाम असतो, भुकेला नसतो.

रेव्ह. नारायण शेषाद्री यांचा बाप्तिस्मा 1843 साली मुंबईत झाला. पुढे त्यांनी जालना येथे सेवा केली. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. तेथील विश्वासणाऱ्यांत मांग समाजाचे लोक पुष्कळ होते. ज्याचे पोट बलुत्यावर, त्याने गावाची चाल सोडली तर चूल कशी पेटणार? म्हणून मंडळीला प्रार्थनामंदिराबरोबर शेतही हवे होते.

आज बलुते गेले, पण मजुरीसाठी थांबणारा माणूस गेलेला नाही. "पुढल्या आठवड्यात बघू" असे आपण सुताराला, गवंड्याला, घरकामाच्या बाईला सहज म्हणतो.

वर्गासाठी प्रश्न :
1. बलुत्याचा एक लाभ व एक दोष सांगा.
2. सूर्य मावळण्यापूर्वीच मजुरी का द्यावी?
3. आपल्या घरून कोणाचे देणे राहिले आहे काय? आज घरी विचारा.